तीनशे ऐंशी तास

आई गेल्यानंतर सात महिन्यांनी माझे वडील, आमचे दादा, पहिल्यांदा स्वतःहून उठून दाढी करायला बसले, ते हेलिकॉप्टरमुळे.

१९९५ सालची गोष्ट. त्या सात महिन्यांत ते जवळजवळ पलंगावरच होते. आई जायच्या आधीच कामतघरच्या कारखान्यातले दादांचे अठ्ठेचाळीस लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारवाल्याने किलोवर नेले होते. ती गेल्यावर पूर्णा गावातली जमीन गोदामवाल्याला दिली. एक कोटी नव्वद लाख बँकेत पडून, आणि हाताला काम नाही. मी कल्याणला कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना कॉस्टिंग शिकवत होते आणि टेमघरच्या घरी दादांजवळ राहत होते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. आजार सापडला नाही. “यांना कशात तरी गुंतवा,” एवढंच म्हणाले. मी पुस्तकं वाचून दाखवली, शेजारच्या पुतळाबाईंना गप्पांना बसवलं. दादा भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकून घेत. ताटातला भात तसाच परत यायचा.

मग एका लग्नात नवऱ्या मुलावर फुलं टाकायला हेलिकॉप्टर आलं. दादांचे लूमच्या धंद्यातले जुने दोस्त मुख्तारचाचा तिथून तडक आमच्या घरी आले.

“दाजी, तासाला पस्तीस हजार! तासाला! आपला लूम सालभर खटखट करून एवढे देत नव्हता.”

“तासाला?” दादांनी विचारलं. त्यांनी कूस बदलली होती.

आठवड्याभरात आम्ही तिघं जुहूच्या विमानतळावर गेलो. जुनी हेलिकॉप्टरं विकणाऱ्या एका दलालाने दोन यंत्रं दाखवली. एक लहान, एका इंजिनाचं; जमिनीच्या पैशात बसणारं. दुसरं दोन इंजिनांचं, सहा माणसांचं. कातडी सीटा, मधे घडीचं टेबल, गालिचा. किंमत दोन कोटी पंचाहत्तर लाख. “सेठजी, बडा आदमी एक इंजिनवाले में नहीं बैठता,” दलाल म्हणाला. कमी पडणाऱ्या पंच्याऐंशी लाखांसाठी टेमघरचं घर तारण ठेवावं लागणार होतं.

दादांनी ते मोठं यंत्र सुरू करायला लावलं. ते आणि मुख्तारचाचा डोळे मिटून उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले लूम या दोघांनी असेच आवाजावरून निवडले होते आणि पुढे तीस-तीस वर्षं चालवले होते. पंखा थांबल्यावर मुख्तारचाचांनी पत्र्यावर तळहात ठेवला.

“मख्खन,” ते म्हणाले.

“एकपण पार्ट ढिला न्हाय,” दादा म्हणाले. परतताना त्यांनी रस्त्यात गाडी थांबवून दोन वडापाव खाल्ले. मी बाहेर बघत बसले, कारण मला रडू येत होतं.

कागद माझ्याकडे आले. दलालाचा हिशेब सुटसुटीत होता. विमा, दोन पायलट, इंजिनिअर, जागेचं भाडं, कर्जाचं व्याज मिळून वर्षाला बावन्न लाख. वर्षात तीनशे तास उडालं तर तासाला सतरा हजार तीनशे. इंधन साडेतीन हजार, देखभाल चार हजार. म्हणजे तासाला पंचवीस हजारांच्या आत खर्च आणि दहा हजार नफा.

त्याच फाईलच्या तळाशी इंग्रजीत एक यादी होती. पंख्याची पाती, गिअरबॉक्स, असे काही भाग. प्रत्येकाचं आयुष्य तासांत ठरलेलं. तेवढे तास भरले की भाग कितीही चांगला दिसो, काढून टाकायचा. नाहीतर उडायला परवानगी नाही. या यंत्राच्या भागांचे तीनशे ऐंशी तास उरले होते. मी कंपनीकडून नव्या भागांचा दर मागवला. पंचावन्न लाख. ते या तीनशे ऐंशी तासांतच कमवायला हवेत, म्हणजे तासाला साडेचौदा हजार. ते धरले की खर्च एकोणचाळीस हजार तीनशे होत होता आणि यंत्र उडेल त्या प्रत्येक तासाला आम्ही चार हजार तीनशे रुपये गमावणार होतो.

तो आठवडा मी हा आकडा खाली आणण्यात घालवला. एक पायलट काढला. विमा कमी धरला. तीनशेचे पाचशे तास केले. वाढीव तासांनी बाकीचा खर्च उतरत होता, पण मग ते भाग नऊ महिन्यांतच संपत होते आणि पंचावन्न लाख एकदम उभे करायला घराशिवाय काही नव्हतं, ते तर आधीच तारण. लहान यंत्राचे भाग त्याहून लवकर संपत होते. ज्या चुकांसाठी मी मुलांना शून्य द्यायचे, त्या सगळ्या मी करून पाहिल्या. बाहेर दादा फोनवर कुणाला तरी सांगत होते, “इलेक्शनला बुकिंग आतापासून घेतो.” त्यांचा आवाज खणखणीत येत होता.

सही घ्यायला दलाल रविवारी घरी आला. मुख्तारचाचा मिठाई घेऊन आले होते. दादांनी पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाय, तुझा आकडा बोल.”

पंचवीस हजार म्हणायला फार वेळ लागला नसता.

“एकोणचाळीस हजार तीनशे,” मी म्हटलं आणि भागांचं सगळं सांगितलं.

“यो पार्ट चांगला हाय ना?” दादांनी विचारलं.

“आज चांगला आहे.”

“मंग फेकायचा कशाला?”

“तास भरले की फेकायचाच, दादा. तो तुटेपर्यंत थांबता येत नाही.”

“आपण वेल्डिंग करू,” मुख्तारचाचा म्हणाले.

“वर जाऊन कोण करणार वेल्डिंग? तू?” दादा म्हणाले, आणि दोघं हसले. मीही हसले. मग दादा दलालाकडे वळले. “पोरगी बोलते ते खरा हाय?”

“सेठजी, कागज पे तो लिखना पड़ता है. सब लोग चलाते हैं.”

आयुष्यभर दादांनी यंत्रं विकणारी माणसं पाहिली होती. त्यांनी पेन खिशाला लावलं.

“चाय घेऊन जा,” ते म्हणाले.

दलाल गेल्यावर त्यांनी मला तो हिशेब पुन्हा सांगायला लावला, सावकाश, एकेक ओळ. शेवटी म्हणाले, “बरोबर हाय.” आणि आत जाऊन आडवे झाले.

ते पुन्हा उठले नाहीत, म्हणजे गरजेपुरतं सोडून उठले नाहीत. महिन्याभरात पेज सोडून सगळं सुटलं. मुख्तारचाचा रोज येत. “दाजी, ऊठ की रे आता, नाटकं बस झाली,” असं ओरडत आणि बाहेर ओट्यावर येऊन गप्प बसत. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेटी, घर गेलं असतं तर माझ्याकडे राहिला असतात सगळे.” त्यांच्या घरात दोन खोल्या होत्या आणि नऊ माणसं.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. त्या दुपारी मी दादांच्या उशाशी बसले आणि ठरवून खोटं बोलले.

“दादा, मी नवीन यंत्र पाहिलं. एका इंजिनाचं. सगळं धरून फायद्यात निघतं.”

त्यांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे पाहत होते.

“पार्टचे तास किती ऱ्हायलेत?”

“पुष्कळ आहेत.”

“पुष्कळ म्हंजे? आकडा बोल, बाय.”

मला आकडा सुचला नाही. कोणताही चालला असता. दोन हजार, तीन हजार. मी बाटलीतून पडणारे थेंब पाहत राहिले आणि ते वाट पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले.

त्यानंतर ते आठ दिवस होते.