शंभरपैकी शंभर

दवाखान्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, परिचारिका, कारकून, सगळे माना उंचावून पडद्याकडे बघत होते. मालकांचा धाकटा मुलगा जुन्या रुग्णांच्या गाठींची मापं संगणकात घालत होता आणि त्याचं यंत्र सांगत होतं, साधी, कर्करोगाची, साधी. एकही चूक नाही!

"हे गणित नव्हे, साक्षात्कार आहे!" तो गरजला. "यंत्राला सहावं इंद्रिय फुटलंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दवाखान्याचे मालक असलेल्या वडिलांनी त्याला मिठीच मारली. "उद्यापासून हेच लावू!"

मागे उभी असलेली मालकांची थोरली सून जळून खाक झाली. ती तिथल्याच प्रयोगशाळेची डॉक्टर. वर्षभर राबून तिनेही असंच यंत्र बनवलं होतं. ते अधूनमधून चुकायचं म्हणून सासऱ्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि मिठी कोणाला? ज्याला गाठ आणि गळू यांतला फरक कळत नाही, त्याला!

"भावजी, नव्या गाठी ओळखेल का?"

"वहिनी, श्रद्धा ठेवा!"

"सूनबाई, पोटात दुखतंय वाटतं," सासरे हसले.

"दुखतंय, अप्पा. म्हणूनच माझ्या बोलण्यावर जाऊ नका. या आठवड्यात तपासलेल्या गाठी दोन्ही यंत्रांत घाला."

घातल्या. सहावं इंद्रिय प्रत्येक गाठीला 'साधी' म्हणत सुटलं. त्यांतल्या एका बाईचं कर्करोगाचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. हसणं थांबलं. सुनेचं यंत्रही चुकलं, पण एकदाच.

तिने दोन्ही यंत्रांच्या सीमारेषा पडद्यावर शेजारीशेजारी आणल्या. "दोन्ही सपोर्ट व्हेक्टर मशीनच. साधे आणि कर्करोगाचे ठिपके वेगळे करणारं कुंपण आखतात. माझं कुंपण सरळ, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडणारं. भावजींनी कर्करोगाच्या प्रत्येक ठिपक्याभोवती वेगळं कडं केलंय. शिकवलेल्या गाठी पाठ, आणि परीक्षाही त्यांचीच! नवा रुग्ण कड्याबाहेर पडला, की साधी गाठ."

"ठाऊक होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

दिराची मान खाली गेली. "कडी आवळणारा गॅमाचा आकडा वाढवला, की गुण वाढायचे. टाळ्याही."

"सूनबाई, मग तुझंच यंत्र लावू."

या वाक्यासाठी ती वर्षभर झुरली होती. "नको, अप्पा. अजून पुष्कळ नव्या गाठींवर तपासा. आणि तपासणारी मी नको."

वाचकहो, चमत्कार दिसला तर टाळी जरा आवरा. दाखवणाऱ्याने आधी न पाहिलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवा आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.