आपोलीनचा उजवा हात

नवस बोलायला डोंगरावरच्या चर्चमधल्या माऊलीकडे गेलेली आपोलीन चुकून आपला खरा उजवा हात तिच्या पायाशी ठेवून आली आणि मेणाचा लावून घरी परतली. जो अवयव बरा व्हायला हवा तो मेणाचा करून माऊलीला वाहायचा, ही तिकडची रीत. सणाची गर्दी, मागून रेटारेटी, झाली अदलाबदल. होतं हो असं माणसाकडून!

तिचा तो हात तसा दुखत नव्हता, मिटला होता. आईच्या मयताला धाकटी बहीण इझाबेल उशिरा आली, म्हणून आपोलीननं तिला अंगणातून ढकलून बाहेर काढलं. त्या दिवसापासून मूठ उघडेचना. डॉक्टर झाले, मलमं झाली. "माऊली, एवढी मूठ सोडव गं," एवढंच तिचं मागणं होतं.

मेणाचा तळवा मात्र छान उघडा होता. शेजारणी म्हणाल्या, "पावली गं बाई तुला माऊली!" पण आपोलीनला कसलं बरं वाटतंय? हात वितळेल म्हणून चुलीपासून लांब राहायचं, उन्हात तो पदराखाली झाकायचा. आणि मनातला राग होता तिथेच. शेवटी ती पुन्हा डोंगर चढली.

चर्चची राखण करणारे इनासकाका पायऱ्या झाडत होते.

"काका, माझा हात?"

"तो आता कुठला मिळायला! आलेले हात माऊली नुसते ठेवून घेत नाही, कामाला लावते. तुझा रोज इझाबेलकडे जातो. तापानं फणफणलीय ना ती."

"मिटलेली मूठ काय डोंबल काम करणार?"

"ते तू जाऊन बघ."

आपोलीनला आधी रागच आला. आपल्याला न विचारता आपला हात त्या घरात! तरातरा उतरली ती. वाटेत रडू कधी फुटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

इझाबेलचं दार सताड उघडं होतं. ती डोळे मिटून खाटेवर पडली होती आणि उशाशी आपोलीनचा हात, बोटं मोकळी करून, ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होता.

"ताई, आत ये ना," इझाबेल डोळे न उघडताच म्हणाली. "रोज नुसता हातच पाठवतेस."

आपोलीन खाटेच्या कडेला बसली. "फार भाजतंय का गं?" तिनं विचारलं.

हात जरा बाजूला सरला. त्यानं तिला जागा करून दिली. आपोलीननं मेणाचा तळवा त्या तापलेल्या कपाळावर ठेवला.