पाहुणा

बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा आवळून तो रांगेत पुढं सरकला. अग्निशमन केंद्राच्या भरतीवरच्या साहेबांनी आधी त्याची जन्मतारीख पाहिली, मग तोंड पाहिलं.

"दादा, तुमचं वय भरती व्हायचं नाही, भरती करून घ्यायचं झालंय."

मागची पोरं हसली. तोही हसला, न हसून करतो काय.

"जेमतेमच उलटलंय, साहेब. आई अंथरुणाला होती. मागच्या भरतीला तिला सोडून येता आलं नाही."

"आता कशा आहेत?"

"आता मी मोकळा आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण उगाच काढलं, लावलं. "नियमापुढं माझंही काही चालत नाही, दादा."

तो वळला खरा, पण फाटकापाशी पाय अडले. घरी जाऊन करायचं काय? इतकी वर्षं आईला पाठुंगळी घेऊन जिने चढताना तो तिला म्हणायचा, तुझ्या जिवावर माझा सराव चाललाय.

तेवढ्यात मैदानात गलका झाला. चाचणीत खांद्यावर उचलून न्यायचा वाळू भरलेला पुतळा पोटात उसवला होता. केंद्रात सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत.

"पाहुणा गेला, साहेब," कुणीतरी म्हणालं.

साहेबांची नजर फिरत फिरत फाटकाशी थांबली. "ओ दादा, जरा पडून राहाल का इथं?"

तो आडवा झाला. एकेक उमेदवार येई, त्याला खांद्यावर टाकी आणि पलीकडच्या टोकाला धपकन आदळी.

"माणूस आहे, पोतं नाही," मिटल्या डोळ्यांनी तो बजावी.

"पाहुणे, तुम्ही बेशुद्ध आहात. गप्प राहा," साहेब ओरडत.

शेवटी एक किरकोळ अंगाची मुलगी आली. घट्ट पकडीनं तिनं त्याला उचललं, धापा टाकत नेलं आणि उतरवताना त्याच्या डोक्याखाली तळहात धरला. डोकं नीट टेकेपर्यंत काढला नाही. आईला गादीवर ठेवताना तोही असाच हात धरायचा. आई गेल्यापासून त्याच्या अंगाला कुणाचा असा हात लागला नव्हता.

"पास," साहेब म्हणाले. "उठा पाहुणे, सुटलात. उद्या पुतळा शिवून येईल."

मुलगी कपाळ पुसत वाकली. "लागलं नाही ना, काका?"

तो उठला नाही.

"पकड जरा सैल होती," तो म्हणाला. "परत एकदा उचलून बघ."