चेंडूची कुंडली

अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या कामगार वस्तीत मेसमधली चाळीस माणसं गणूच्या मोबाइलभोवती श्वास रोखून उभी होती. पडद्यावर दोन परक्या बाया टेनिस खेळत होत्या, एक निळ्या स्कर्टात, दुसरी पांढऱ्या. गुण कसे मोजतात हे एकालाही ठाऊक नव्हतं. पण पहिला सेट कोण जिंकणार, हे गणूला पक्कं ठाऊक होतं. सेटगुरूंनी सांगितलं होतं.

"मी खेळाडू बघत नाही, चेंडूची कुंडली बघतो," गुरूंचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर घुमायचा. "पहिला सेट निळ्या स्कर्टवालीचा. यल्ला, चला, शुभस्य शीघ्रम्!"

दुसऱ्या एका अ‍ॅपवर भविष्याचा बाजार होता. 'निळी जिंकेल'चा शेअर चाळीस फिल्सला घ्यायचा; शंभर फिल्सचा एक दिऱ्हाम. जिंकली तर त्याचा एक दिऱ्हाम, हरली तर शून्य. चार दिवस गुरूंनी फुकट सांगितलं, चारही वेळा खरं ठरलं. पाचव्या दिवशी दक्षिणा मागितली. गणूकडे बाराशे दिऱ्हाम होते, म्हणजे जवळजवळ एकोणतीस हजार रुपये. कंपनी दोन वर्षांतून एकदा देते ते विमानाच्या तिकिटाचे पैसे. त्यानं अर्धे गुरूंना पाठवले, अर्धे निळीवर लावले. तो इकडे आल्यावर जन्मलेली त्याची पोर फोनलाच 'बाबा' म्हणायची.

निळी सहा-दोन हरली.

गुरूंचा निरोप आला, "तुझी श्रद्धा कमी पडली." मग गुरूंनी त्याला ब्लॉक केलं. गणू मटकन खाली बसला.

दवाखान्यातली सिस्टर खैरुन्निसा धावत आली. ती रत्नागिरीकडची. तिनं बीपी बघितलं, मोबाइलही बघितला.

"सोळा जण उभे राहा," ती म्हणाली. खिशातून एक दिऱ्हामचं नाणं काढलं. "एका बाजूला किटलीचं चित्र, दुसरीला आकडा. या आठांनी किटली म्हणायचं, त्या आठांनी आकडा. चुकेल तो खाली बसेल."

नाणं उडालं. आठ बसले. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग केले. चौथ्यांदा नाणं पडलं तेव्हा एकटा महादू उभा होता. मेसचा आचारी, डाळीत मीठ किती, याचाही त्याला आजवर अंदाज आलेला नाही.

"चार वेळा बरोबर! कुंडली कशी बघितलीस रे, महादू?"

"मी काय नाय केलं, सिस्टर. तुम्ही सांगितलंत ते बोललो."

"तुझ्या गुरूनं हेच केलं, गणू. अर्ध्यांना निळी, अर्ध्यांना पांढरी. चुकले त्यांना ब्लॉक, उरले त्यांचा देव."

दारात नीलेश होता, रात्रपाळीला निघालेला. तो आणि गणू एकाच खाटेवर पाळीपाळीनं झोपायचे.

"मला पहिल्याच दिवशी उलटं सांगितलं होतं त्यानं," तो खाली बघत म्हणाला. "चुकलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" गणू ओरडला.

"तू उठतोस तेव्हा मी झोपतो. आणि इथं सगळे तुझ्या गुरूचा जयजयकार करत होते. मला वाटलं, माझंच नशीब फुटकं."

गणूला रडू फुटलं. पुढचं तिकीट दोन वर्षांनी. तोवर पोर चार वर्षांची.

पण बायकोला, सगुणाला, फोन लावण्याआधी त्यानं वस्तीच्या ग्रुपवर आवाज पाठवला, "मी गणू, खोली बावीस. मी बसलो. आणखी कोण कोण बसलंय, लाजू नका, बोला."

तासाभरात सत्तावीस आवाज आले. त्यातले तीन त्याच्याच खोलीतले.

चमत्कार बघायला गेलात, तर उभ्या माणसाला नमस्कार करण्याआधी बसलेली माणसं मोजा.