तांबूशी अबोला

राग आला की मी ओरडत नाही, बोलणंच बंद करतो. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, छडी कधी उगारली नाही. अबोला धरला की पोरं आपोआप वठणीवर यायची. बायकोशी, हेमाशी, एकदा आंब्याच्या पेटीवरून अकरा दिवस बोललो नव्हतो. ते अकरा दिवस फार निवांत गेले, असं ती पाहुण्यांना सांगते.

यंदा गणपती झाले नि मी तांबूशी अबोला धरला. तांबू आमचा कुत्रा, बारा वर्षांचा. पडवीत पडला होता. मी मागून येऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, तर गुरकावून अंगावरच आला. दात लागला नाही, पण अपमान झाला. ज्याला बोटाने दूध चाटवून वाढवला, त्याने माझ्यावर गुरकावावं! त्याआधीही त्याचं काही खरं नव्हतंच. भाकरीचा तुकडा फेकला तर झेलायचा नाही, जमीन हुंगत फिरायचा. तिन्हीसांजेला पायरी उतरताना पाय चाचपडत टाकायचा. आंब्याच्या कलमांवर वानर आले की भलतीकडेच तोंड करून भुंकायचा. म्हातारपणी माजलाय, असं मी ठरवलं. मालगुंडला माझ्या बहिणीची बाग आहे. दिवाळी झाली की त्याला तिकडे पाठवायचं नक्की केलं.

"कुत्र्याशी अबोला धरणारे जगात तुम्हीच," हेमा म्हणाली.

पाऊस सरला. धोंडू आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येतो. त्याने अंगण चोपून घेतलं आणि मांडव घालायला खांब बाहेर काढले. दरवर्षी ते जुन्याच खड्ड्यांत बसतात. यंदा मुलाची गाडी मांडवाखाली मावावी म्हणून मी दोन खांब हातभर सरकवायला लावले.

दुपारी तांबू परसातून आला आणि भर उन्हात सरकवलेल्या खांबावर कपाळ आपटून थांबला. मागे सरकला, पुन्हा तिथेच आपटला. मला हसू आलं. धोंडू हसला नाही. पहार खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, ह्याला दिसत नाय हो."

"मग रोज फिरतो तो कसा?"

"सवयीनं फिरतो. खांब हलला, फसला."

मी नि हेमा त्याला रत्नागिरीला घेऊन गेलो. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तांबूसमोर कापसाचा बोळा वरून सोडला. त्याची नजर हललीच नाही. वयाने डोळ्यांचा पडदा गेलाय, आता परत येणार नाही, म्हणाल्या. "घर पाठ असतं ह्यांना, म्हणून उशिरा कळतं. जागा बदलू नका. आणि हात लावायच्या आधी हाक मारा, नाहीतर दचकून अंगावर येईल. आता त्याला तुमच्या आवाजाचाच आधार."

हेमाने माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी दया केली. गेल्या साली माझा मोतीबिंदू काढला तेव्हा पायरीपायरीला "सांभाळून हो" म्हणत सगळं घर माझ्यामागे फिरत होतं. आणि हा आंधळा होत असताना, त्याला उपयोगी पडेल असं जे एकच माझ्यापाशी होतं, ते मी महिनाभर बंद ठेवलं होतं. लाज वाटली मला.

घरी येताच मालगुंडला फोन करून नको म्हणून कळवलं. धोंडूला खांब पुन्हा जुन्या खड्ड्यांत घालायला सांगितलं. गाडी राहील उन्हात.

मग तांबूला हाक मारायची, तर तोंडातून शब्द फुटेना. अबोला मोडायची मला सवय नाही. नेहमी समोरचाच मोडतो. तो अंगणाच्या कडेला उभा होता.

"तांबू," मी म्हणालो.

शेपूट हलवत तो सरळ माझ्या दिशेने धावला आणि धोंडूने अजून न उपटलेल्या दुसऱ्या खांबावर आदळला. मी पुढे होईपर्यंत खांबाला वळसा घालून आलाही, आणि माझ्या गुडघ्यांत डोकं खुपसून उभा राहिला. राग धरायचा हक्क खरं तर त्याचा होता. मला रडू आलं. तसाच पायरीवर बसून मी त्याच्याशी बोलू लागलो, कलमांचं, वानरांचं, काहीही. जरा थांबलो की तो मान वर करून वाट बघायचा, म्हणून मी बोलतच राहिलो.