अकराव्या टाळीनंतर

सकाळपासून पाड्यावर माणूस मावत नव्हतं. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवरची ती जेमतेम तीस उंबऱ्यांची वस्ती. पण महाराजांचा अग्नी बघायला वांगणीपासून लोक आले होते. मृगाजिनावर बसलेल्या महाराजांनी कमरेच्या उजव्या बटव्यातून काळपट जांभळं भस्म काढून पणतीत ठेवलं, त्यावर ‘गोमुखीचं तेल’ ओतलं आणि सावकाश टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ना काडी, ना निखारा. सातव्या टाळीला धूर निघाला आणि आठव्या टाळीला पणतीतून जांभळी ज्वाळा फर्रकन वर आली.

“शुद्ध! ही बाई शुद्ध!” महाराज गरजले. “हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभं राहून कमावलेला अग्नी आहे हा, बच्चा! पाप्याला बघून तो तोंड फिरवतो!”

बारा वर्षं एका पायावर उभं राहूनही महाराजांच्या दोन्ही पोटऱ्या सारख्याच गुबगुबीत कशा, हा प्रश्न एवढ्या गर्दीत एकट्या अनंताला पडला. अनंता कुळगावचा. गावोगावच्या विहिरींत सरकारी लाल औषध, म्हणजे पाणी लाल करणारे काळपट जांभळे खडे, टाकायची त्याची नोकरी. दूध समोर आलं की त्यात पाणी किती, हे आधी बघणारा माणूस. पण आज त्याचा संशय नुसता गमतीचा नव्हता. पंधरा दिवसांत ढाळ होऊन पाड्यावरची दोन पोरं दगावली होती, त्यातलं एक म्हणजे पाड्याचा म्होरक्या पदू याचा नातू. पोरं भुताळीने, म्हणजे चेटकिणीने खाल्ली, असं महाराजांनी सांगितलं होतं. अकरा टाळ्यांत जिची पणती पेटणार नाही, ती भुताळी.

बायका एकेक करून समोर बसत होत्या, कोंबडा वाहत होत्या आणि शुद्ध ठरत होत्या. शेवटी चंद्री आली. एकटी विधवा, लाकूडफाट्यावर पोट भरणारी.

“कोंबडा कुठाय?” महाराजांनी विचारलं.

“कोंबडी हाय एकच. ती अंड्यावर बसलीय. तिला कशी उठवू?”

महाराजांचा हात या वेळी डाव्या बटव्याकडे गेला. टाळ्या सुरू झाल्या. नऊ, दहा, अकरा. पणती ढिम्म. अकरावी टाळी विरते न विरते तोच महाराजांनी कमंडलूतलं पाणी पणतीवर ओतलं. “देवाचा कोप शांत केला! हीच ती!”

“चंद्रे,” पदू पुढे येऊन म्हणाला, “उद्या दिस बुडायच्या आत पाडा सोड. नायतर आमी हाकलू.”

“मी काय केला रे, पदूदादा? तुझा नातू माझ्याच मांडीवर वाढला!”

कोणी तिच्याकडे बघेना. अनंता मात्र महाराजांच्या बोटांकडे बघत होता. बोटांची टोकं तपकिरी पडली होती, अगदी त्याच्या स्वतःच्या बोटांसारखी. विहिरीचं औषध हाताळणाऱ्याची बोटं अशीच होतात. लिंबू चोळल्याशिवाय डाग जात नाहीत. मग त्याला दवाखान्यातला कंपाउंडर आठवला. तो एकदा ओरडला होता, “तुझा लाल औषधाचा पुडा ग्लिसरीनच्या बाटलीपासून लांब ठेव, दवाखाना पेटवशील!” पोरांचं तोंड आलं की लावतात तेच ग्लिसरीन, गोड आणि घट्ट. गोमुखीच्या तेलासारखंच.

पण मग चंद्रीची पणती का पेटली नाही? आणि पाणी ओतायची एवढी घाई कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे, मार्गशीर्षाच्या थंडीत, त्याने अंगणात एका पणतीत औषधाचे खडे घेऊन त्यावर ग्लिसरीन घातलं. अकरा टाळ्या झाल्या, वीस झाल्या, शंभर झाल्या, काही नाही. ‘संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं,’ असं पुटपुटत तो चहा टाकायला वळला आणि पाठीमागे फर्रकन आवाज झाला. पणती पेटली होती. तो आनंदाने एकटाच हसला. मग त्याने तेच खडे पितळी खलात बारीक कुटले. या खेपेला दहाव्या टाळीच्या आत ज्वाळा.

दुपारी तो पाड्यावर पोचला, तेव्हा चंद्री गाठोडं बांधून दारात उभी होती.

“महाराज,” अनंता हात जोडून म्हणाला, “आम्हा पाप्यांना एकदा आपली पणती बघू द्या. काल चंद्रीसाठी काढलंत, त्याच डाव्या बटव्यातलं भस्म घ्या. अग्नी तोच, मग बटव्याचं काय?”

“जिभेला किडे पडतील, बच्चा!”

“घ्या की महाराज,” पदू म्हणाला. “तुमी तर शुद्धच ना?”

आता सुटका नव्हती. महाराजांनी डाव्या बटव्यातलं भस्म पणतीत ठेवून तेल ओतलं. पदूनेच टाळ्या वाजवल्या. अकरा झाल्या, पणती ढिम्म. महाराजांनी कमंडलू उचलला आणि अनंताने त्यांचं मनगट धरलं. “थांबू की थोडं. देव काही पळून जात नाही.” तो स्वतः टाळ्या वाजवू लागला. लोकही मोजू लागले. वीस. तीस. चौतिसाव्या टाळीला ज्वाळा उठली आणि गर्दीतून एकच आवाज निघाला.

अनंताने आपल्या थैलीतले खडे सगळ्यांसमोर कुटले, ती पूड दुसऱ्या पणतीत घेतली आणि वर महाराजांचंच तेल ओतलं. सातव्या टाळीला पेटली. “बघा. उजव्या बटव्यात पूड, डाव्यात खडे. माल एकच, विहिरीचं लाल औषध. थंडीत आणखी उशीर, उन्हात लवकर. सकाळी माझ्या अंगणात तर शंभरावर टाळ्या लागल्या.”

चंद्री पुढे आली. “म्हंजे ओंडका आनि ढलप्या! ओंडका पेटवताना फुकून फुकून जीव जातो. त्याच्याच ढलप्या काढल्या का भक्कन धरतात.”

“अगदी तेच! बारीक केलं की तेल चहूबाजूंनी भिडतं.”

महाराज बोचकं आवरू लागले, तसं पदूने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. “पोलीसपाटील येईस्तोवर हलायचा नाय.” मग तो अनंताकडे वळला. “आनि माझा नातू?”

“विहिरीच्या पाण्यानं गेला, पदूदादा. औषध वेळेवर पडायला हवं होतं. मला उशीर झाला, ती चूक माझी.” हे बोलताना अनंताला वर बघवेना. “पण पोरं भुताळी खात नाही, घाण पाणी खातं. पाणी उकळून प्या आणि माझ्यासारखा उशीर करील त्याला जाब विचारा. एका बाईला हाकलून पोरं वाचत नाहीत.”

पदू चंद्रीसमोर जाऊन उभा राहिला. “चुकलो, चंद्रे.”

“माझीबी पनती पेटतच होती, दादा,” चंद्री म्हणाली. “येवढी मानसं होती, कोनालाच थांबावासा नाय वाटला. माझा जाला तो जाला. पुढच्या बाईच्या येळेला थांबा. आनि इचारा.”