चेहरा नसलेला फोटो

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "चेहरा कुठाय?"

"घेतला नाही," ती म्हणाली.

"का हो?"

वृद्धाश्रमातून आणलेल्या आईला शेवटची अंघोळ घालताना तिने घाईघाईने जखमेचा तो एकच फोटो काढला होता, तोही चेहऱ्यावर टॉवेल टाकून. डॉक्टरांसमोर गळ्याचं बटण सोडायलाही कां कूं करणारी आई. निदान हे अंग कुणाचं, ते कुणाला कळू नये, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

"वाटा तीन आहेत," वकील म्हणाले. "पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार, कोर्टात भरपाईचा दावा, नाहीतर वृद्धाश्रमाला परवाना देणाऱ्या कचेरीकडे अर्ज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस त्यांनी वेळच्या वेळी बदलली असती, तर ही जखम झालीच नसती. पण कुठेही गेलात तरी आश्रमवाले म्हणणार, फोटो कुणाचा कशावरून? तुम्ही भेटायला जायचात ना?"

"दर रविवारी."

"मग कधी लक्षात आलं नाही?"

"आई चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायची." तिचा आवाज खाली गेला. "वास यायचा. मी खिडकी उघडायचे."

शेजारी मावशी बसली होती. भाचीला आवरायलाच ती सोबत आली होती. "तरी मी सांगत होते, लक्तरं वेशीवर टांगू नकोस. ताई सुटली बिचारी. आता दहा परके पुरुष तिचा फोटो टेबलावर मांडून वाद घालणार. जिवंत असती तर हे ऐकूनच मेली असती."

"अंघोळीच्या वेळी आणखी कोण होतं?" वकिलांनी विचारलं. "मुलीचं म्हणणं ते उडवून लावतील. दुसऱ्या कुणी शपथेवर सांगितलं, तर जीव आहे प्रकरणात. नाहीतर इथेच राम राम."

भाचीने मावशीकडे पाहिलं नाही. कुठल्या तोंडाने मागायचं?

"मी होते," मावशी म्हणाली. "पण मी काही बघितलं नाही."

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. फोन भाचीकडे सरकवला. तिने तो पालथा घालून पर्समध्ये टाकला आणि उठायला खुर्ची मागे सारली.

"थांब गं," मावशी म्हणाली. "खोटं बोलले. पाठीवर पाणी मीच घातलं." मग वकिलांकडे वळून, "तुम्ही माझ्याकडे बघू नका. खाली बघून लिहा."

वकिलांनी मुकाट्याने मान खाली घातली.

मावशीने मूठ वळली. "एवढी होती. एवढी आत जाईल, इतकी खोल."

"कुठे?"

"कमरेखाली. एवढं बास होईल ना?"

"नाही, मावशी. नेमकं लागेल."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी फोनवर हसत होतं.

"ढुंगणावर," मावशी म्हणाली. दोघी बहिणींच्या तोंडून हा शब्द भाचीने कधी ऐकला नव्हता. "मधोमध. हाड दिसत होतं."

वकील लिहीत राहिले. भाचीला मान वर करवेना.